वर कोणी आहे का?

१

"कोण आहे तिकडे?"

एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या तिसऱ्याच दिवशी, टेबलावरचा आतला फोन खणखणला होता आणि पलीकडून खोकल्याने खरवडलेला एक आवाज आला होता. संस्था उभी करणाऱ्या थोरल्या सरांचा. तिने घाबरत सांगितलं होतं, "कोणी नाही, सर. सगळे जेवायला गेलेत."

"कोणी नाही?" पलीकडे खोकला. मग हसू. "मग बोलतंय कोण?"

तिला तेव्हा उत्तर सुचलं नाही. थोरले सर निवृत्त झाले, मग गेले. आवाज मात्र राहिला, जुन्या कुलपात मोडलेली किल्ली राहावी तसा.

आता तिला सगळे जावकबाई म्हणत. विद्यापीठाच्या या बियाणे संशोधन संस्थेत येणारा प्रत्येक कागद आवक वहीत आणि जाणारा प्रत्येक कागद जावक वहीत तिच्या हाताने चढे. तिसऱ्या मजल्यावर, लांब ओसरीच्या टोकाला तिचं टेबल, पाठीशी किल्ल्यांचा फळा. येणारा-जाणारा तिला एकच प्रश्न विचारी, "बाई, वर कोणी आहे का?" म्हणजे सही करणारं कोणी. ती मान वर न करता सांगे, "आहेत," नाहीतर, "कोणी नाही." तिचं खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं उरलं होतं.

घरी एक खोली, एक खिडकी, एक कप. शुक्रवारी संध्याकाळी दार लावलं की सोमवारपर्यंत तिचा आवाज तिलाही ऐकू येत नसे. दिवसभरात तिच्याशी तिच्यासाठी बोलणारा माणूस एकच होता, आणि तो पार खाली, तळघरात होता.

रोज दुपारी चारला आतला फोन वाजे. "एक नंबर, उणे अठरा. दोन नंबर, उणे अठरा. तीन नंबर, उणे सतरा, जरा कुरकुरतंय. लिहिलंत?"

"लिहिलं."

"मग ठेवतो."

हा बर्फकाका. तीन शीतकोठ्यांचा राखणदार. दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागली होती आणि एकतीस वर्षांत समोरासमोर शंभर वाक्यंही बोलली नसतील. पण कधी कधी फोन ठेवता ठेवता तो गुणगुणायचा, आणि ती रिसीव्हर उगाच क्षणभर जास्त धरून ठेवायची:

*दाणा दाण्याला विचारी, किती झोपशील बाई?*
*हाक आल्याविना मला जाग यायचीच नाही.*

त्या सोमवारी फोन सकाळी नऊलाच वाजला. पलीकडे विभागप्रमुखबाई होत्या. "जावकबाई, तीन नंबरची कोठी बंद पडलीय. आत साध्या खोलीसारखं गरम आहे. आणि मांडण्या रिकाम्या आहेत. सगळ्या."

तीन नंबरमध्ये थोरल्या सरांचा संग्रह होता. चाळीस वर्षं डोंगरकडे आणि नदीकाठ तुडवून गोळा केलेल्या रानगवतांचं बी. तीनशे चाळीस पाकिटं. त्यातली कितीतरी गवतं आता जगात कुठेच उगवत नव्हती. त्या पाकिटांत तेवढी झोपली होती.

कोठीच्या दारावर एक आदेश चिकटवलेला होता. *कोठी क्रमांक तीन शुक्रवारपासून बंद करावी. त्यातील जुना संग्रह नष्ट करावा.* खाली शिक्का, 'संचालकांकरिता', आणि वर एक सही. नुसता एक वळसा. कुणालाच ओळखू न येणारा.

बर्फकाका दारापाशी उभा होता. जो विचारेल त्याला त्याने एकच सांगितलं, "कागद होता. मी केलं. जाळलं."

दुपारपर्यंत त्याला निलंबित केलं. शुक्रवारी नियामक समिती बसणार आणि त्याच्या नोकरीचा निकाल लावणार, असं ठरलं. निवृत्तीला त्याचे आठ महिने राहिले होते.

चार वाजले. जावकबाईंनी पेन उघडून ठेवलं. फोन वाजला नाही.

२

मंगळवारी उपसंचालकांनी जावकबाईंना बोलावलं. त्यांना मागे सगळे 'प्रभारी' म्हणत, कारण संचालक बारा महिने तेरा काळ परगावी आणि कार्यभार कायम यांच्या गळ्यात. एक हात गालावर धरूनच ते बोलत होते.

"बसा, बाई. चौकशी अधिकारी म्हणून समितीने मला नेमलंय. पण माझ्या दाढेने जीव नकोसा केलाय. तुम्ही असं करा, सगळे कागद तारखेवार लावून एक टिपण तयार करा. मी सही करतो."

"म्हणजे चौकशी मी करायची?"

"चौकशी मीच करतोय हो. तुम्ही फक्त करायची आहे."

जावकबाईंना हसू आलं, पण ते त्यांनी ओठांतच ठेवलं. या इमारतीत काम पाण्यासारखं होतं. वरून सोडलं की खाली खाली जात शेवटी सर्वांत सखल जागी साचायचं.

"साहेब, सही तुमची नाही?"

"माझी?" दाढेवरचा हात सुटला. "अहो, कार्यभार बुधवारी संचालकांनी मला दिला, कबूल. पण शुक्रवारी बारा वाजता मी दाढ काढायला गेलो तेव्हा तो विभागप्रमुखांकडे दिला. पत्र तुमच्याच वहीत आहे. बारानंतरचं मला काही विचारू नका."

"आणि कोठी बंद करायची, हे कुणी ठरवलं?"

"संचालकांना नवीन यंत्राला जागा हवी होती. मला म्हणाल्या, बघा जरा. मी वीजवाल्यांना शुक्रवारी पाचला यायला सांगितलं आणि विभागप्रमुखांना म्हटलं, बघा जरा. संग्रहाचं काय करायचं ते विभागाने ठरवायचं." ते पुढे झुकले. "हे बघा, बाई, प्रकरण सरळ आहे. कोठीवाल्याने कुणाचा तरी कागद पाहिला, सही कुणाची ते विचारलं नाही, आणि जाळून मोकळा झाला. टिपण तेवढंच लिहा. एका पानात."

संचालकबाईंचा परदेशातून फोन आला तो त्याच दुपारी. मागे विमानतळाचा गलबला होता. "मी जाळा म्हटलं नाही. मी जागा करा म्हटलं. कशी करायची, ते खालच्यांनी बघायचं असतं. वरच्या माणसाने प्रत्येक गोष्टीत हात घातला तर संस्था चालेल का?"

"नाही चालणार, मॅडम," जावकबाई म्हणाल्या. मग त्यांनी जावक वही उघडली.

नष्ट करण्याच्या आदेशावर क्रमांक होता चारशे सतरा. वहीत चारशे सतरासमोर त्यांच्याच अक्षरात तारीख होती, आणि विषयाच्या रकान्यात काहीच नव्हतं.

३

हा रिकामा क्रमांक म्हणजे संस्थेची जुनी खोड. अधिकारी फोन करत, "बाई, एक नंबर द्या, कागद मागून पाठवतो." कागद मागून येई, कधी येतही नसे. कुणी मागितला हे वहीत लिहायची पद्धत नव्हती. पण जावकबाईंच्या डोक्यात दुसरी वही होती. चारशे सतरा त्यांनी गुरुवारी दिला होता, एका बाईमाणसाच्या आवाजाला.

विभागप्रमुखबाई प्रयोगशाळेत बी मोजत होत्या. ओल्या कागदावर शंभर शंभर दाणे मांडायचे आणि किती रुजतात ते पाहायचं. जावकबाईंनी वही शेजारी उघडून ठेवली आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. चिमट्यातला दाणा खाली पडला.

"मी पाहिलाच नाही तो कागद," विभागप्रमुखबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही नंबर मागितलात तेव्हा तुमच्या मागे हे पाणी टपकत होतं. या नळाचं. आत्ताही टपकतंय."

विभागप्रमुखबाईंनी जाऊन नळ घट्ट पिळला.

"लिहिला मी," शेवटी त्या म्हणाल्या. "टंकला, शिक्का मारला. सही नाही केली. पोराच्या गळ्याशपथ सांगते. मला पीएचडीला थोरल्या सरांनीच घेतलं होतं. इतरांनी नाही म्हटलं होतं तेव्हा. त्यांचं बी माझ्या सहीने जाळायचं?" त्यांनी डोळे मिटले. "शुक्रवारी दोनला शाळेतून फोन आला, मुलाला ताप भरलाय. खरं सांगू? मला बरं वाटलं. निघायला कारण मिळालं. बिनसहीचा कागद कोठीच्या टेबलावर ठेवला आणि गेले. म्हटलं, सोमवारी बघू. पाच वाजता वीजवाले येणारेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

"जाताना कार्यभार कुणाला दिलात?"

"दिला ना, पत्र तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्हीच चढवलंत."

जावकबाईंनी पान उलटलं. चारशे एकोणीस. त्यांचंच अक्षर. *कार्यभार: इमारतीत उपस्थित ज्येष्ठतम व्यक्तीकडे.*

"ही ज्येष्ठतम व्यक्ती कोण?"

"असेल कुणीतरी. नेहमीचं वाक्य आहे ते, बाई. थोरल्या सरांच्या एका जुन्या परिपत्रकातलं. सगळेच वापरतात."

ते परिपत्रक जावकबाईंना पाठ होतं. त्यांनीच टंकलं होतं. एकदा दुपारी कोठीचं यंत्र बंद पडलं, एकही अधिकारी जागेवर नव्हता, आणि जनरेटर सुरू करायला परवानगी कोण देणार म्हणून माणसं तासभर एकमेकांची तोंडं पाहत बसली. दुसऱ्या दिवशी थोरल्या सरांनी सांगून लिहून घेतलं: *अधिकारी नसताना, हजर असलेल्यांत जो सर्वांत आधी नोकरीला लागला, तो त्या वेळेपुरता संचालक. त्याचा तोंडी शब्दही आदेश मानावा. इमारतीत कोणीच नाही, असं कधी होऊ देऊ नये.* ते कधी रद्द झालं नव्हतं. झालं असतं तर वहीत आलं असतं.

त्या टेबलाशी परतल्या आणि किल्ल्यांच्या फळ्याची नोंद काढली. शुक्रवारी संशोधक आणि विद्यार्थी सगळे प्रयोगाच्या शेतावर. दोन वाजून दहा मिनिटांनी विभागप्रमुखांची किल्ली फळ्यावर आली. ती शेवटची. त्यानंतर फक्त एक किल्ली बाहेर होती.

तळघराची.

म्हणजे दोननंतर या इमारतीचा संचालक, थोरल्या सरांच्या नियमाने, बर्फकाका होता. त्याला कुणाच्या सहीची गरजच नव्हती. मग त्याने जे जाळलं, ते स्वतःच्या अधिकाराने जाळलं.

जावकबाईंनी वही मिटली.

४

बुधवारी सकाळी त्यांनी आदेशाचा कागद खिडकीशी नेला. सगळ्यांनी तो समोरून वाचला होता. जावकबाईंनी तिरपा धरला. कागद समोरून शब्द सांगतो, तिरपा धरला की हात सांगतो.

वळशाच्या सुरुवातीला शाई नव्हती. अर्ध्या बोटाएवढी कोरी चरी, पेन टेकवलेलं, दाबलेलं, पण न उमटलेलं. मग एकदम शाई धावलेली.

हे त्यांनी कुठे पाहिलं होतं? कुठे नाही, असं विचारायला हवं. एकतीस वर्षं तळघरातून वर येणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीवर पहिलं अक्षर अर्धंच असायचं. 'पाकिटे' आधी 'ाकिटे' वाटायचं. एकदा त्यांनी फोनवर टोकलंही होतं, "अहो कोठीवाले, पहिल्या अक्षराशी काय वैर आहे?" तेव्हा तो म्हणाला होता, "उणे अठरात राहिलेलं पेन आहे, जावकबाई. त्यालाही तोंड उघडायला वेळ लागतो. माझ्यासारखंच."

सही बर्फकाकाची होती.

आता टिपण एका पानात मावत होतं. प्रभारींना हवं होतं तसंच. जावकबाईंनी कोरा कागद घेतला, वर तारीख घातली आणि तशाच बसून राहिल्या. ओसरीत कुणी नव्हतं. चारला अजून सहा तास होते, आणि चारलाही काही वाजणार नव्हतं.

कागदाला टाचणी हवी म्हणून त्यांनी ट्रे ओढला. त्यात सोमवारचं पाकीट तसंच पडलं होतं. दर सोमवारी सकाळी यायचं ते. प्रत्येक कोठीबाहेर तापमान टिपणारं यंत्र असतं. गोल कागदी चकती आठवडाभर फिरते आणि तिच्यावर एक बारीक काटा रेघ ओढत राहतो. सोमवारी चकत्या बदलायच्या आणि जुन्या वर पाठवायच्या. निलंबनाची चिठ्ठी हातात पडायच्या आधी बर्फकाकाने हे रोजचं काम उरकलं होतं.

तीन नंबरची चकती. शुक्रवारी पावणेचारपर्यंत शांत रेघ, मग मांडण्या रिकाम्या करताना उघड्या दाराचा खडबडीत पट्टा, आणि पाचनंतर चढण, चढण, चढण. वीज तोडल्यावर व्हायचं तेच.

दोन नंबर. आठवडाभर सपाट.

एक नंबर. जावकबाईंनी चष्मा पुसला. शुक्रवारी पावणेचार ते पाच या वेळात रेघेला दात फुटले होते. दार उघडलं की आतला गारवा सांडतो आणि काटा उडी मारतो. तिथे छोट्या छोट्या उड्या होत्या, ओळीने. त्यांनी बोट ठेवून मोजल्या. अकरा.

शुक्रवारी दुपारी एक नंबरमध्ये अकरा वेळा जायचं काय काम होतं?

त्या उठल्या, आवक वहीचा सर्वांत जुना खंड काढला. थोरल्या सरांनी संग्रह संस्थेच्या ताब्यात दिला त्या दिवसाची नोंद. *पाकिटे तीनशे चाळीस. पेट्या अकरा.*

५

त्याचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. संध्याकाळचं ऊन भिंतीवरून उतरत होतं. तो पायरीवर बसून एक जुना रेडिओ उघडून पाहत होता. जावकबाईंना फाटकात पाहून त्याने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. अंगात, इतक्या उकाड्यात, लोकरीचा स्वेटर.

"अरेच्चा. फोनला पाय फुटले की काय?"

"तुमचा बंद पडला, म्हणून माझ्याला फुटले."

त्याने हसत एक खुर्ची आणली. घरात दुसरी नव्हती, म्हणून स्वतः पायरीवरच बसला. दोघांनाही फोन नसताना बोलायची सवयच नव्हती.

"उणे किती आहे इथे?" जावकबाईंनी शेवटी विचारलं.

"कमी नाही. दोन वर्षं झाली, ही गेल्यापासून." त्याने मागच्या अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं. "पण सवय आहे थंडीची."

"पेट्या एक नंबरमध्ये आहेत," जावकबाई म्हणाल्या.

त्याने रेडिओ बाजूला सरकवला.

"बहुधा मागच्या मांडणीवर, रिकाम्या पिशव्यांच्या खोक्यांआड. उणे अठरात मिनिटभराच्या वर कुणी थांबत नाही, त्यामुळे तिथे कुणी पाहणार नाही. तुम्ही काही जाळलं नाहीत. पाच वाजता वीज जाणार हे वीजवाल्यांकडून कळलं, तुम्ही अकरा पेट्या अकरा फेऱ्यांत हलवल्यात. मग बिनसहीच्या कागदावर स्वतः वळसा मारलात."

"चकती," तो हळूच म्हणाला.

"सही खोटी करता आली, चकती का नाही फाडलीत?"

"सही म्हणजे काय, हाताची करामत. चकती म्हणजे कोठीचं बोलणं. तिला खोटं बोलायला कसं लावू?" त्याने तळहात चोळले. "जावकबाई, मी पाहिलंय. या इमारतीत कागदावर मेलं की मेलं, मग त्याला कुणी मारायला येत नाही. जिवंत आहे म्हटलं असतं, तर सोमवारी नवा कागद आला असता. खऱ्या सहीचा. माझे आठ महिने राहिलेत, ते गेले तर गेले. ते बी उठायचं राहिलंय अजून."

"पण हे समितीला सांगा! दोननंतर इमारतीत तुम्ही एकटेच होतात. थोरल्या सरांच्या नियमाने कार्यभार तुमचाच होता. तुम्ही पेट्या हलवल्यात ते अधिकारानेच. कुणी काही करू शकत नाही तुम्हाला."

बर्फकाकाने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य होतं, आणि त्याहून जास्त कीव. पण ती कीव दुखवणारी नव्हती.

"मी एकटा?" तो म्हणाला. "जावकबाई, मी अठरा तारखेला लागलो. तुम्ही एक तारखेला."

गावाच्या कडेला कुठेतरी एक कुत्रं दोनदा भुंकून थांबलं.

आणि जावकबाईंना तो फोन आठवला. शुक्रवार, साडेतीन. चारच्या आधी वाजला होता, म्हणून दचकून शाईही सांडली होती. तो म्हणाला होता, "जावकबाई, वर कोणी आहे का?" त्या म्हणाल्या होत्या, "कोणी नाही." त्याने विचारलं होतं, "एक कागद आलाय, सही नाही. काय करू?" आणि त्या, वहीत डोकं घालून, सवयीने, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

तोंडी शब्दही आदेश मानावा.

"तुम्ही सोमवारीच का नाही सांगितलंत? माझं नाव का नाही घेतलंत?"

"फोनवर कोण काय म्हणालं, ते मी विसरलोय," बर्फकाका म्हणाला आणि रेडिओ पुन्हा हातात घेतला. "तुम्हीही विसरा. तुमचं एक वर्ष राहिलंय. एका कागदासाठी दोघांनी बुडायचं कशाला? तसंही, त्या दिवशी वर कोणी नव्हतं. तुम्हीच म्हणालात."

६

शुक्रवारी सभागृहात लांब टेबलाभोवती सात खुर्च्या भरल्या. अध्यक्षबाई विद्यापीठाच्या जुन्या प्राध्यापक, पांढऱ्या केसांच्या, ऐकताना पेन्सिल आडवी धरायची सवय असलेल्या. संचालकबाई परतल्या होत्या, प्रवासाचा शीण डोळ्यांखाली. प्रभारींचा गाल सुजलेला. विभागप्रमुखबाई खिडकीकडे पाहत होत्या. बर्फकाका टोकाला, स्वेटर नीट घडी करून मांडीवर.

जावकबाईंना वही दाखवायला बोलावलं होतं, बोलायला नाही. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "टिपण कुणी लिहिलंय?"

"मी," प्रभारी म्हणाले.

"यात अधिकाऱ्याच्या सहीची ओळख नाही. आदेश कुणी काढला ते नाही. मग आहे काय?"

प्रभारींनी जावकबाईंकडे पाहिलं. ती संधी होती, आणि एक धमकीही.

जावकबाई उभ्या राहिल्या. आवाज बरा निघाला. तो एरवी वापरात नसल्यामुळे नवा होता. त्यांनी आधी क्रमांक सांगितले. चारशे सतरा कुणी मागितला, कागद कुणी लिहिला, कुणी सही केली नाही. विभागप्रमुखबाईंनी खिडकीकडची मान न वळवता "खरं आहे" म्हटलं. मग जावकबाईंनी कागद तिरपा धरून गारठलेल्या पेनाची चरी दाखवली. मग टेबलावर चकती ठेवली आणि अध्यक्षबाईंना दात मोजायला लावले. अकरा. शेजारी जुन्या वहीचं पान. अकरा पेट्या.

"संग्रह जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "एक नंबरच्या कोठीत."

खुर्च्या करकरल्या. संचालकबाईंच्या तोंडून सुस्कारा निघाला, आणि तो कुठल्या भावनेचा हे त्यांनाही कळलं नसावं. विभागप्रमुखबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

पण अध्यक्षबाईंची पेन्सिल आडवीच होती. "बी वाचलं, आनंद आहे. तरी माझ्यापुढचा प्रश्न तसाच उरतो. कोठीच्या राखणदाराने संचालकांच्या नावावर स्वतः सही केली आणि संस्थेचा ठेवा मनाने हलवला. हेतू चांगला असेल. पण अधिकार कुणाचा? उद्या प्रत्येक जण चांगल्या हेतूने सह्या करू लागला तर?"

"अगदी बरोबर," प्रभारी म्हणाले. "वर कोणीच नसताना याने असा निर्णय घेणं म्हणजे..."

"माझ्या मनानेच केलं," बर्फकाका टोकावरून म्हणाला. "कुणालाही विचारलं नाही. जी शिक्षा असेल ती द्या."

त्याने जावकबाईंकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. चार मजली इमारतीतला तोच एक माणूस, जो रोज चारला त्यांना हाक मारत होता, आता त्यांना हाकेतून वगळत होता, जपून, एखादं पाकीट मागच्या मांडणीवर सरकवावं तसा.

"बाई, तुम्ही बसा," प्रभारी म्हणाले. "तुमचं काम झालं."

बसता आलं असतं. खुर्ची तिथेच होती. एक वर्ष, मग खोली, खिडकी, कप. कुणी काही विचारलं नसतं.

अध्यक्षबाईंनी कागद पुढे ओढला. "नोंदीसाठी शेवटचं विचारते. त्या शुक्रवारी दोन वाजल्यानंतर, या इमारतीत, निर्णय घ्यायचा अधिकार असलेलं वर कोणी होतं का?"

प्रभारींनी मान हलवली. विभागप्रमुखबाईंनीही. बर्फकाका खाली पाहत म्हणाला, "कोणी नव्हतं."

जावकबाईंच्या कानात खोकल्याने खरवडलेला एक आवाज हसला. त्यांनी थोरल्या सरांचं परिपत्रक वहीतून काढलं, त्यावर चारशे एकोणीसचं पत्र ठेवलं, त्यावर स्वतःच्या नेमणुकीचं, एक तारखेचं, आणि तिन्ही अध्यक्षबाईंच्या पुढे सरकवले.

"होतं," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. योग्य वाटेल ते करा, असं त्यांना मीच सांगितलं. त्यांनी जे केलं ते माझ्या शब्दावर केलं."

"तुमच्या?" प्रभारी अर्धवट उठले. "पण तिथे कोण..."

"मी होते," जावकबाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं, वर मीच होते."